तुम्ही विचारलंत म्हणून: पुरातली दुर्बीण

लग्नात विचारलंत, दहाव्याच्या घाटावर विचारलंत, बँकेत पासबुक भरायच्या रांगेत विचारलंत. परवा एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांनी विचारलं, तेव्हा ठरवलं की एकदाचं लिहून टाकू. प्रश्न तोच. "मास्तर, कृष्णेच्या २०१९ च्या पुरात तुम्ही होडीत बसून पाखरं बघत होता म्हणे?" त्याला जोडून, जरा हसत, दुसरा: "आणि भाषणात दर वेळी तो इंग्रज कशाला आणता?"

विचारणाऱ्यांपैकी निम्मे त्या आठवड्यात मिरजेला पाहुण्यांकडे होते, एवढं आधी नोंदवून ठेवतो. कोयना धरणातून किती पाणी सोडलं, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणानं किती अडवलं, तो वाद तुमचा तुम्ही घाला. मी सोप्या प्रश्नापासून सुरू करतो, म्हणजे इंग्रजापासून.

होरेस अलेक्झांडर. जन्म १८८९. घर क्वेकर पंथाचं, म्हणजे युद्धाला नकार घरातूनच आलेला. होरेस, विल्फ्रेड आणि ख्रिस्तोफर हे भाऊ पोरवयापासून पक्ष्यांच्या नोंदी ठेवायचे. कोणता पक्षी कधी आला, कधी गायला लागला, कुठल्या झुडपांवर त्यानं हक्क सांगितला. पक्षी ओळखायचा तर गोळी घालून हातात घ्यायचा, असा तेव्हाचा रिवाज. ही पोरं नुसती बघत आणि लिहीत. विल्फ्रेडनं पुढे समुद्रपक्ष्यांवर पुस्तक लिहिलं, १९२८ साली. ख्रिस्तोफर मात्र सैन्यात गेला आणि पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, पासशेन्डालच्या लढाईत मारला गेला.

आता आपल्या गावाशी संबंध. १९३० साली गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात आणि दिल्लीत व्हाइसरॉय आयर्विन. दोघांमध्ये काही बोलणं होतंय का ते बघायला क्वेकरांनी ज्याला पाठवलं, तो हा होरेस. आणि हा आयर्विन म्हणजे ज्याच्या नावाच्या सांगलीतल्या पुलावर आपण दर पावसाळ्यात कृष्णेचं पाणी मोजतो तोच. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंही मान वर करायची.

१९४२ मध्ये तो क्वेकरांचं मदतपथक घेऊन बंगालात आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात मेदिनीपूरला चक्रीवादळ, पुढच्या वर्षी दुष्काळ. ऑगस्ट १९४७ मध्ये कलकत्त्याला बेलियाघाटच्या हैदरी मंझिलमध्ये तो गांधीजींजवळ होता. आणि एवढं सगळं पाहून झाल्यावर, १९५० साली, त्यानं दिल्लीत काय काढलं? पक्षी बघणाऱ्यांचं मंडळ. दिल्ली बर्ड वॉचिंग सोसायटी. जोडीला कोण, तर आपल्या लष्कराचे मुख्य अभियंता जनरल हॅरॉल्ड विल्यम्स. बंदूक न धरणारा क्वेकर आणि फौजेतला जनरल पहाटे यमुनेच्या काठानं बदकं मोजत हिंडताहेत, हे चित्र मला फार आवडतं. याच मंडळातल्या पीटर जॅक्सननं पुढे इंदिरा गांधींपर्यंत विषय नेला आणि दिल्लीजवळचं सुलतानपूरचं तळं पक्ष्यांसाठी राखलं गेलं. होरेसला १९८४ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९८९ मध्ये तो गेला, वयाची शंभरी गाठून.

तर हा माणूस मी व्याख्यानात का आणायचो? ढाल म्हणून. "माणसं मरताहेत आणि तुम्ही पाखरं कसली बघता," असं कुणी म्हटलं की मी होरेसला पुढे करायचो. माणसं की पक्षी अशी निवड करावीच लागत नाही, हा बघा पुरावा! टाळ्या यायच्या. दंगलीतल्या कलकत्त्यातही त्याच्या गळ्यात दुर्बीण होती, असं एक वाक्य मी ठेवून द्यायचो. तेही आता कबूल करून टाकतो. ते कुठेही वाचलेलं नाही. ती दुर्बीण त्याच्या गळ्यात मीच अडकवली.

आता पुराचं.

शुक्रवार, ९ ऑगस्ट. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या वर. आदल्याच दिवशी ब्रह्मनाळ गावात पुरातून माणसं काढणारी होडी उलटून माणसं बुडालेली, त्यामुळे होडीत चढायला धडधाकट माणसंही कचरत होती. आमच्या होडीत इंजिन धरणारा एक, पोहणारी दोन पोरं आणि मी. मी कशाला? तर त्या गावात तीस वर्षं मास्तरकी केलेली. शाळेत न आलेली पोरं गोळा करत घरोघर हिंडलेलो, पाण्याखाली गेलेल्या गल्ल्यासुद्धा मला पाठ. आणि दुर्बीण पाखरांसाठी घेतली नव्हती, कृपा करून हे ऐका. छपरांवर कोण आहे ते लांबून दिसावं म्हणून घेतली होती. त्या सकाळी तिच्यामुळे तीन घरं सापडली. एका घरात बाळंतीण होती. हे मला कुणी विचारत नाही.

दहा-साडेदहा वाजले असतील. पाऊस जरा थांबलेला. पाण्यावर गॅसची टाकी, कडब्याच्या पेंढ्या, कुणाचा तरी देव्हारा. उसाचे फक्त शेंडे दिसत होते. त्यांच्यावरून एक सुरय, म्हणजे पाण्यावर उडत हिंडणारा लांब पंखांचा पक्षी, आला. नदीसुरय आपल्याकडे नवा नाही, पाठ राखी असते. याची पाठ काजळासारखी काळी. पोट पांढरं, शेपटी दुभंगलेली. जोराच्या पावसाळी वाऱ्यात भर समुद्रावरचे पक्षी कधीमधी घाट ओलांडून आत फेकले जातात, हे मला ठाऊक होतं. पण समुद्रापासून शंभराहून अधिक किलोमीटरवर, आमच्या उसावर! चाळीस वर्षांत एकदा असं काही डोळ्यांपुढे येतं. मी दुर्बीण डावीकडे वळवली.

किती वेळ? मी स्वतःला अर्धं मिनिट सांगत आलोय. दीड असेल.

तेवढ्यात वळण आलं. इंजिनवाल्या पोरानं ओरडून विचारलं, "मास्तर, उजवीकडं कोन हाय का?"

मी म्हणालो, "नाही."

न बघता म्हणालो. दुर्बीण डोळ्यांना, डोळे डावीकडे, आणि तोंडातून "नाही". हा शब्द आजवर मी कुणाला सांगितलेला नाही. तुम्ही पाखरं बघत होतो का एवढंच विचारता, मी "हो, क्षणभर" म्हणतो, तुम्ही हसता, मी चिडतो आणि विषय संपतो. मला वाटतं, तो तसा संपलेला मला सोयीचाच होता.

उजवीकडे गोठ्याच्या पत्र्यावर म्हातारा-म्हातारी होती. म्हातारी टॉवेल हलवत होती. इंजिनच्या आवाजात तिची हाक कुणाला ऐकू येणार? आम्ही डावीकडून निघून गेलो. परतीच्या फेरीला, पाऊण तासानं, पोहणाऱ्यांपैकी एकाला ती दोघं दिसली. तोवर पत्र्याच्या कडेशी पाणी लागलेलं आणि आजोबांचे पाय त्यात. त्यांना उचलून होडीत घेतलं तेव्हा दातांवर दात वाजत होते. आजी माझ्यासमोर बसली. रागावली नाही. नुसतं म्हणाली, "मास्तर, तुमी दुर्बिनीतनं बगत हुता की. आमी दिसलो न्हाई व्हय?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. दिलं नसावं.

आजोबांना चार दिवसांनी दवाखान्यात ठेवावं लागलं, छातीत कफ भरलेला. बरे होऊन घरी आले. पुढच्या जानेवारीत गेले. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी. तो म्हणतो, "सर, दमा होताच त्यांना, वयही झालेलं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." तो खरंच बोलत असेल. पण "नाही" त्यालाही ठाऊक नाही, तेव्हा त्यानं दिलेली माफी नेमकी कशाची, हे मला कळत नाही. आता हे वाचून त्याला कळेल. फोन येईल की नाही, बघू.

त्यानंतर वर्षभर मी दुर्बीण कपाटात ठेवली. तुम्हाला ते प्रायश्चित्त वाटलं असेल. खरं तर रुसवाच होता तो, आणि कुणावर धरला होता कोण जाणे. पुढच्या हिवाळ्यात अंगणातल्या शेवग्यावर पर्णवटवट्या आला आणि मी मुकाट्यानं कपाट उघडलं. इवलासा, हिरवट-मळकट पक्षी. त्याचे भाईबंद एकमेकांसारखे इतके दिसतात की ओळखता ओळखता जीव जातो. होरेस त्यांतला वाकबगार होता, काश्मिरात त्यांच्यामागे हिंडून त्यानं त्यांच्यावर लिहिलंय. मी सकाळभर शेवग्याखाली उभा राहिलो आणि मला बरं वाटलं. बरं वाटल्याचं वाईट वाटलं, तेही दुपारपर्यंतच.

आधीचा मी, टाळ्यावाला, अजून अधूनमधून भांडायला येतो. म्हणतो, अरे, दुर्बीण नसती तर ती बाळंतीण सापडली असती का? मी म्हणतो, नसती. तो म्हणतो, मग हिशेब कर: तीन घरं जमा, एक खर्च. मी म्हणतो, माणसांचा हिशेब असा मांडणारा तूच, आणि होरेसच्या गळ्यात नसलेली दुर्बीण अडकवणाराही तूच. तो गप्प बसतो, पण जात नाही. होरेसला व्याख्यानात आणणं मी सोडलेलं नाही. कलकत्त्याचं वाक्य गाळतो. पासशेन्डालचा भाऊ पूर्वी घाईत उरकायचो, आता तिथे थांबतो. एक भाऊ लढायला गेला, दुसऱ्यानं नकार दिला. कुणाचं बरोबर, असं पोरं विचारतात. मी फळा पुसतो.

आणि तो सुरय. काळ्या पाठीच्या सुरयाची इतक्या आतली नोंद म्हणजे मोठी गोष्ट, पाठव, असं मित्र अजून म्हणतात. पाठवलेली नाही. पाठवायची तर वेळ लिहावी लागेल, जागा लिहावी लागेल, किती वेळ पाहिला ते लिहावं लागेल. शिवाय पाठ खरंच काळी होती, की भरून आलेल्या उजेडात राखी पाठ काळी दिसली?

त्या दिवसाचं वहीचं पान माझ्यासमोर आहे. वर बाहेर काढलेल्या माणसांची नावं, वयं, कुठल्या घरातून काढली ते. आजोबा-आजी अकराव्या ओळीत, वेळ ११.२०. खाली कोपऱ्यात, भिजून पसरलेल्या अक्षरांत: "सुरय. पाठ काळी." पुढे एक प्रश्नचिन्ह आहे. ते नंतर घातलंय, त्याची शाई वेगळी आहे.