निम्माच ग्लास

"निम्माच दे रे ह्याला," म्हणत मामानं माझ्या हातातला ग्लास गवळ्याकडं परत सरकवला.

रंकाळ्याची फेरी मारून गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला थांबलो होतो. थंडीभर हेच चाललंय. आणि तेव्हा हाच मामा "पी की लेका, दोन पी" म्हणायचा.

"आता चैत लागला. थंडीत साठलेला कफ ऊन तापलं की पातळ हुतोय. त्यात म्हशीचं दूध, वर दुपारची झोप. मग शिंकत बसतोस न्हवं?"

शिंकत होतोच. दोन आठवडे, धुळीला शिव्या देत.

घरी येऊन वाचलं. आयुर्वेदातली वसंत ऋतुचर्या हेच सांगते: जड, गोड, आंबट, तेलकट कमी, व्यायाम चालू, दिवसा झोप नाही. जुने गहू, जव, मध चालतं. पाडव्याला तोंड वाकडं करून एकदाच चघळतो तो कडुलिंबही कडू, म्हणून कफावर उतारा. (तांबड्या रश्श्याबद्दल मामा काही बोलला नाही. मीही विचारलं नाही.)

दूध निम्मं करणं जमेल. पण रविवारी मटण जेवून दुपारी जागं राहणं कोल्हापुरात कुणाला जमलंय का?