मागच्या सीटचा बेल्ट

आज सकाळी पुण्याला जायचं होतं, एसटीला गर्दी म्हणून ॲपवरनं शेअरिंगची गाडी बुक केली, साताऱ्याच्या बॉम्बे रेस्टॉरंट चौकातनं बसले. मागं मी आणि एक कॉलेजची पोरगी, पुढं एक काका. बेल्ट ओढला तर खालचा खटका सीटकव्हरच्या आत दाबून टाकलेला! ड्रायव्हरदादा म्हणाले, "ताई, मागं कोण लावतंय, पोलीस बघत नाहीत." अहो पोलिसासाठी नाही, माझ्यासाठी पायजे. कायद्यानं मागं पण बेल्ट लागतोच, नाही लावला तर 1000 रुपये दंड आहे, 2022 ला पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री गाडीच्या अपघातात गेले तेव्हा ते मागंच बसलेले आणि बेल्ट नव्हता. गाडी थांबवायला लावून दोघींचे खटके काढून घेतले, मग निघालो.

खंबाटकीचा बोगदा संपला की तो उतार, ते एस वळण, किती अपघात झालेत तिथं, आणि नेमकं तिथंच दादांचा एक हात मोबाईलवर, पुढची राईड घेत होते. पोटात गोळाच आला. मी मोठ्यानं म्हणाले, दादा आधी फोन ठेवा, काकांनीपण साथ दिली तेव्हा ठेवला. त्यांचं पोट त्या राईडवर आहे हे कळतं मला, पण गाडीत चार जीव होते ओ.

आणि बसताना नंबरप्लेट बघा, पांढरी असेल तर ती खाजगी गाडी, भाड्यानं माणसं नेताना काय झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात.

स्वारगेटला उतरताना ती पोरगी म्हणाली, "काकू, मी दर शनिवारी असंच येते, मागं बेल्ट असतो हे मला माहितीच नव्हतं."