‘ओके’ पडद्याखाली राहिलं

‘हे सगळं 2006 सालीच निघालं होतं? मग चाललं का नाही?’

माझ्या टेबलाच्या खालच्या खणातला डबा कुणाच्या हाती लागला की हा प्रश्न येतोच. डबा म्हणजे सात इंची पडद्याचा एक काळा, जाडजूड कॉम्प्युटर. कीबोर्ड नाही, कडेला स्टायलस खोचायचं भोक, पाठीवर पंख्याची जाळी आणि आत अख्खं विंडोज एक्सपी. गेल्या दिवाळीत अमेरिकेहून भाचा आला तेव्हा त्यानेही तेच विचारलं. त्याच्या हातात स्टीम डेक होता, म्हणजे हातात धरून गेम खेळायचा कॉम्प्युटर. दोन्ही यंत्रं सोफ्यावर शेजारी ठेवली. पडदा तेवढाच सात इंची, वजनात शंभर-सव्वाशे ग्रॅमचा फरक, आणि मध्ये सोळा वर्षं.

विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा उत्तर तयार असतं. महाग असणार. बॅटरी टिकत नसणार. दोन्ही बरोबर आहे. पण तुम्ही विचारलंत म्हणून माझं उत्तर सांगतो. ओके बटण दिसत नव्हतं, म्हणून ते चाललं नाही.

आता हे जरा मागून सांगायला हवं.

त्या काळात मी सर्व्हिस इंजिनिअर होतो. पुण्याभोवतीच्या कारखान्यांत, भोसरी, चाकण, रांजणगाव असा फेरा. कारखान्यातल्या मशीनच्या पॅनेलमध्ये पीएलसी बसवलेला असतो, म्हणजे मशीनचा मेंदू. त्याला केबल जोडायची, प्रोग्रॅम तपासायचा, दोन आकडे बदलायचे आणि निघायचं. हे सॉफ्टवेअर चालायचं फक्त विंडोजवर. त्यासाठी तीन किलोचा लॅपटॉप खांद्याला लटकवून मी बाइकवर हिंडायचो. पॅनेलपुढे टेबल नसतं. एका हातावर लॅपटॉप तोलायचा आणि दुसऱ्या हाताच्या एका बोटाने टाइप करायचं. पूर्ण विंडोज, पण तळहातावर मावणारं, याची मला किती आस लागली होती ते यावरून कळेल. शौक वगैरे काही नव्हता, खांदा दुखत होता.

म्हणून मी बातम्यांच्या मागे लागलो. घरच्या ब्रॉडबँड प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डेटा मोजत नसत. गजर लावून उठायचो. बायकोला वाटायचं, परीक्षा वगैरे देतोय.

पहिलं वेड लावलं ओक्यूओने. सॅन फ्रान्सिस्कोची छोटी कंपनी. पाच इंची पडदा, चारशे ग्रॅमच्या आसपास वजन, ट्रान्समेटाचा क्रूसो प्रोसेसर आणि पूर्ण एक्सपी. यंत्र दाखवलं 2002 च्या एप्रिलमध्ये, विकायला आलं 2004 च्या ऑक्टोबरमध्ये. मधली अडीच वर्षं नुसत्या बातम्या. पहिल्या यंत्राची किंमत दोन हजार डॉलरच्या जवळ. माझ्या पगाराशी तिचं गुणोत्तर मी एकदाच काढलं आणि कागद फाडून टाकला.

मग 2006 चा फेब्रुवारी. मायक्रोसॉफ्टने ‘ओरिगामी प्रोजेक्ट’ नावाचं काहीतरी हवेत सोडलं. कोड्यासारखी दोनचार वाक्यं, बाकी उत्तर नाही. एक व्हिडिओ फुटला, त्यात माणसं हातातल्या पाटीवर चित्रं काढताहेत, खेळ खेळताहेत. काहींनी तर हा हातातला एक्सबॉक्सच, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं खेळाचं यंत्र, म्हणून जाहीर करून टाकलं. महिनाभर मी नीट झोपलो नाही. 9 मार्चला जर्मनीत हॅनोव्हरच्या सेबिट प्रदर्शनात पडदा उघडला आणि आत निघाला अल्ट्रा-मोबाइल पीसी. सॅमसंगचा क्यू-वन त्यातला सगळ्यात गाजलेला. 900 मेगाहर्ट्झचा सेलेरॉन प्रोसेसर, 512 एमबी मेमरी, 40 जीबीची फिरती हार्ड डिस्क, पावणेआठशे ग्रॅमच्या पुढे वजन. हजार डॉलरच्या आत बसवू म्हणता म्हणता किंमत लागली 1,099 डॉलर, म्हणजे तेव्हाचे जवळपास पन्नास हजार रुपये. बॅटरी तीन तासांची, तीही नुसतं बघत बसलात तर.

लोक हिरमुसले. मी नाही. मला खेळायचं नव्हतं, पीएलसीला केबल लावायची होती. त्या सगळ्या बातम्यांत एक आकडा मी रोज वाचत होतो आणि रोज त्यावरून पुढे जात होतो. 800 बाय 480. पडद्याचे पिक्सेल.

नवीन घेणं जमलंच नाही. 2009 मध्ये मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात याच जातीचा एक जुना नग मिळाला, चौदा हजारांत. कुठल्या कंपनीचा ते राहू द्या, दोष एकट्या तिचा नव्हता. पीएलसीची केबल ज्यात लागते तो सिरियल पोर्ट त्याला नव्हता, म्हणून यूएसबीचा कन्व्हर्टर घेतला आणि तिसऱ्या दिवशी भोसरीत एका पॅकिंग लाइनच्या पॅनेलपुढे उभा राहिलो. डाव्या हातात डबा, उजव्या हातात स्टायलस. ऑपरेटर कौतुकाने बघत होता. ‘साहेब, टीव्ही आणला का?’

केबल लागली, प्रोग्रॅम उघडला, टायमरचा आकडा बदलला. आता तो पीएलसीत उतरवायचा. चौकट उघडली: पोर्ट कुठला, वेग किती, काय काय उतरवायचं. आणि चौकटीच्या तळाशी ओके आणि कॅन्सल. निदान लॅपटॉपवर तरी ती तिथे असायची. इथे चौकट पडद्याच्या खालच्या कडेशी कापली गेली होती.

त्याचं कारण साधं. त्या काळातली सॉफ्टवेअरं लिहिणारे धरूनच चालत की पडद्याला उंचीत निदान 600 पिक्सेल आहेत. चौकट तेवढी उंच काढायची, ओढून लहान करायची सोय ठेवायची नाही, बटणं तळाला. इथे उंची 480. वरची पट्टी धरून चौकट वर सरकवावी, तर ती पडद्याच्या कडेला अडते. म्हणजे बटण आहे, जागच्या जागी आहे, फक्त जमिनीखाली आहे.

मी म्हटलं, टॅब दाबत जाऊ. टॅबने एका खान्यातून दुसऱ्या खान्यात उडी मारता येते, एंटरने बटण दाबलं जातं. पण कीबोर्ड नाही. पडद्याच्या खालच्या दोन कोपऱ्यांत अर्ध्या पोळीसारखी अक्षरं उमटायची, दोन्ही अंगठ्यांनी दाबायची. डायलकीज म्हणायचे त्याला. ती उमटली की उरलेली चौकटही झाकली गेली. तरी मनात चौकट आठवून टॅब मोजले. एक, दोन, तीन. एंटर.

तो कॅन्सल होता. आधीच्या पायरीत पीएलसी थांबवून झाला होता, नवा प्रोग्रॅम गेला नव्हता. लाइन बंद. सुपरवायझर आला, घड्याळाकडे बघितलं, काही बोलला नाही. ते जास्त लागलं. शेवटी तिथल्या ऑफिसातून एक यूएसबी कीबोर्ड मागून आणला, ऑपरेटरने तो ताटासारखा दोन्ही हातांवर धरला आणि मी टाइप केलं. तळहातावर मावणाऱ्या कॉम्प्युटरला आता दोन माणसं लागत होती.

नंतर कळलं की डब्याला एक बटण आहे, ते दाबलं की 600 ओळी 480 मध्ये चेपून बसतात. ओके दिसतं. अक्षरं मात्र पावसात भिजलेल्या पेपरासारखी होतात. म्हणजे हे दुखणं बनवणाऱ्यांनाही ठाऊक होतं. औषधाला एक बटण लावून त्यांनी यंत्र विकायला काढलं.

विंडोज लिहिलं गेलं टेबलासाठी, माउसच्या टोकदार बाणासाठी. ते जसंच्या तसं हातात दिलं. वर पातळ साय घातली: मोठी चिन्हं, अंगठ्यांचा कीबोर्ड. सायीखाली तेच टेबल. आणि माझ्यासारख्यांना हवं होतं तेही नेमकं तेच, सगळं जुनं सॉफ्टवेअर चालणारं पूर्ण विंडोज. ज्या गुणासाठी घ्यायचं त्याच गुणाने अडायचं. 2007 मध्ये व्हिस्टा हे नवं, जास्त मेमरी खाणारं विंडोज आल्यावर तर 512 एमबीवाल्यांनी विषयच सोडला.

याच्या आधी ज्यांनी हाताचा विचार केला होता, त्यांचं बरं चाललं होतं. लंडनच्या सायन कंपनीने 1997 मध्ये सिरीज 5 हा खिशातला कॉम्प्युटर काढला: साधे दोन पेन्सिल सेल, 18 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, आडवा बुटका पडदा आणि त्या बुटक्या पडद्यासाठीच लिहिलेली सॉफ्टवेअरं. झाकण उघडलं की तयार. आपल्याकडे बंगळुरूला विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोअर कंपनीचे लोक यांनी मिळून सिम्प्युटर नावाचा हातातला कॉम्प्युटर केला. 2004 मध्ये अमिडा नावाने तो बाजारात आला, त्याला तिरकं केलेलंही समजायचं. विकला फारसा गेला नाही, पण त्याची कारणं वेगळी. नोकियाचा 770 आला 2005 च्या शेवटी, त्यातही पडदा 800 बाय 480 चाच, तोही चार इंचांचा. तिथे ओके दिसायचं, कारण विंडोजऐवजी लिनक्स घेऊन सगळं त्या पडद्याच्या मापाने शिवलं होतं. माझं पीएलसीचं सॉफ्टवेअर मात्र या तिघांतल्या एकावरही चाललं नसतं.

2007 च्या ऑक्टोबरमध्ये असूसचा ई पीसी हा छोटा लॅपटॉप आला. पडदा सात इंची, पिक्सेल 800 बाय 480, प्रोसेसर तसाच, किंमत 399 डॉलर. तिथेही चौकटी खाली कापल्या जायच्या! पण लिनक्स होतं, ऑल्ट दाबून चौकट कुठेही धरून वर ओढता यायची, आणि मुख्य म्हणजे खरा कीबोर्ड होता. लोकांनी मिटक्या मारत घेतला. इंटेलने 2008 मध्ये ॲटम प्रोसेसर आणला, तो निघाला होता हातातल्या यंत्रांसाठी, आणि त्याच्या भावंडांनी घर केलं या स्वस्त छोट्या लॅपटॉपांत. ओक्यूओ 2009 मध्ये बंद पडली. 2010 च्या एप्रिलमध्ये आयपॅड 499 डॉलरला विकायला लागला तेव्हा अल्ट्रा-मोबाइलच्या बातम्या देणाऱ्यांनी मुकाट्याने आयपॅडच्या बातम्या सुरू केल्या. मीही गजर बंद केला.

भाच्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘मामा, हे अजून तसंच आहे.’ विंडोजवर चालणारी हातातली गेमिंग यंत्रं आली, तेव्हा लोकांची पहिली तक्रार हीच होती की सात इंचांवर विंडोजची चिन्हं बोटाला सापडत नाहीत. स्टीम डेकने आपलं वेगळं लिनक्स लिहून घेतलं म्हणून तो सुटला. आणि 2025 च्या ऑक्टोबरमध्ये असूसचा आरओजी एक्सबॉक्स अलाय आला, त्यात चालू केल्यावर डेस्कटॉप दिसूच नये अशी सोय खुद्द मायक्रोसॉफ्टने करून दिली. ओरिगामीनंतर साडेएकोणीस वर्षांनी. आणि त्यावर नाव एक्सबॉक्सचं! फुटलेल्या व्हिडिओवाले खरे ठरले म्हणायचे.

मग त्याने डबा चालू करायचा प्रयत्न केला. बॅटरी फुगली म्हणून मी कधीच काढून टाकली आहे, ॲडॉप्टरवर चालतो. डिस्क कुरकुरली, एक्सपी उठलं, सव्वातीन मिनिटांत.

‘विकायचाय?’

नाही म्हटलं. चाकणला एक जुनं मशीन अजून आहे, त्याच्या पीएलसीचं सॉफ्टवेअर एक्सपीच्या पुढे जात नाही. वर्षातून दोनदा मला बोलावतात. डब्याबरोबर आता घडीचा रबरी कीबोर्ड असतो. टॅब दोनदाच मारायचे, मग एंटर.