संविधान मुळातून वाचताना : माझा अनुभव

पाठ्यपुस्तकात हक्कांची यादी असते. मूळ संविधानात वाक्यं असतात. यादी पाठ होते, वाक्य मात्र उलगडावं लागतं. 'भारताचे संविधान' ही मराठी प्रत मी पूर्ण वाचून काढली, तेव्हा अडचण कायद्याची कमी आणि वाक्यरचनेची जास्त होती. ती अडचण कशी सुटली, ते इथे लिहितो आहे. नागरिकशास्त्र, राज्यशास्त्र किंवा स्पर्धा परीक्षेच्या निमित्ताने ज्यांना हा मजकूर हातात घ्यायचा आहे, त्यांना याचा उपयोग होईल.

पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सरळ वाचत जायचं, हा मार्ग बहुतेकांना पाचव्या भागात अडकवतो. तिथे राष्ट्रपती, संसद, सर्वोच्च न्यायालय अशी शंभरावर अनुच्छेदांची रांग आहे आणि तिची गरज अजून मनात तयार झालेली नसते. मी उद्देशिका, मग भाग तीन (मूलभूत हक्क, अनुच्छेद १२ ते ३५), भाग चार (मार्गदर्शक तत्त्वं), भाग चार-क (मूलभूत कर्तव्यं), सातवी अनुसूची (केंद्र व राज्यांच्या विषयांच्या सूची), पंचायती व नगरपालिकांचे भाग आणि मग उरलेलं, असा क्रम ठेवला. नवव्या अनुसूचीत नुसती कायद्यांची नावं आहेत. ती वाचायची नसते, गरज पडली की त्यात शोधायचं असतं.

रोज पाच अनुच्छेद पुरतात. जास्त वाचले की अपवाद डोक्यातून निसटतात.

उद्देशिकेपासून सुरुवात करण्याचं कारण भाषेचं आहे. ती सगळी मिळून एकच वाक्य आहे. कर्ता 'आम्ही, भारताचे लोक' अगदी सुरुवातीला आणि क्रियापद 'अर्पण करत आहोत' अगदी शेवटी. मधला न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुता हा सगळा भाग कशासाठी, ते सांगतो. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने संविधानाचं कोणतंही लांब वाक्य मी आधी शेवटाकडून वाचतो: क्रिया कोणती, ती कोणी करायची, कोणाच्या बाबतीत. हा सांगाडा मिळाला की मधल्या अटी एकेक करून परत बसवायच्या.

अनुच्छेद १४ वर हे करून पाहा. 'राज्य' कर्ता, 'नाकारणार नाही' क्रियापद. म्हणजे इथे 'सगळी माणसं समान आहेत' असं विधान नाही. कायद्यापुढची समानता आणि कायद्याचं समान संरक्षण राज्याने कोणाला नाकारायचं नाही, अशी ती आज्ञा आहे. आज्ञा राज्याला, संरक्षण 'कोणत्याही व्यक्तीस'. 'नागरिकास' नव्हे, 'व्यक्तीस'. हा शब्द पेन्सिलने अधोरेखित करावा. १४ आणि २१ (जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्य) यांत व्यक्ती आहे, त्यामुळे ते परदेशी माणसालाही लागू होतात. १५(१), १६ आणि १९ यांत नागरिक आहे.

इथेच मराठी वाचकाची एक खास चूक होते. 'राज्य' म्हटलं की आपल्याला महाराष्ट्र, कर्नाटक आठवतात. पण भाग तीनमध्ये 'राज्य' या शब्दाचा अर्थ अनुच्छेद १२ ठरवतो: केंद्र सरकार व संसद, प्रत्येक राज्याचं सरकार व विधानमंडळ, आणि सर्व स्थानिक व इतर प्राधिकरणं. ग्रामपंचायतही यात आली. भाग चारलाही हाच अर्थ लागू आहे, कारण अनुच्छेद ३६ तसं सांगतो. अनुच्छेद १२ वगळून पुढे गेलेला विद्यार्थी हमखास चुकतो, आणि चूक लक्षातही येत नाही, कारण चुकीच्या अर्थानेही वाक्य बरोबर वाटतं.

काही आज्ञा राज्याच्या पलीकडे जातात. अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट करतो आणि तिचं कोणत्याही स्वरूपातलं आचरण निषिद्ध ठरवतो. तिथे राज्य हा कर्ताच नाही, त्यामुळे तो समाजातल्या प्रत्येकाला बांधतो. १५(२) तसाच. त्यात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं येतात आणि मग विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. 'तलाव' या शब्दापाशी मी थांबलोच. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोकांनी पाणी प्यायलं, आणि २३ वर्षांच्या आत 'तलाव' हा शब्द देशाच्या सर्वोच्च कायद्यात, मूलभूत हक्कांच्या भागात आला. समाज आणि शासन यांचं नातं समजावून सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट, म्हणजे अपवाद. चार खुणा ओळखता आल्या की निम्मं काम होतं. 'परंतु' ने सुरू होणारा परिच्छेद आधीच्या नियमातून काही बाहेर काढतो. 'च्या अधीन' असं लिहिलं असेल तर हा नियम दुय्यम आणि ज्याच्या अधीन आहे तो वरचढ. 'काहीही असले तरी' म्हटलं की उलट, हाच नियम वरचढ. आणि 'स्पष्टीकरण' नवा नियम देत नाही, आधीच्या शब्दाचा अर्थ नक्की करतं.

अनुच्छेद १९ मी दोन बोटं ठेवून वाचला: एक स्वातंत्र्यावर, दुसरं त्याच्या निर्बंधावर. १९(१)(क) मध्ये भाषण व अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आणि त्याची मर्यादा १९(२) मध्ये. तिथे आठ कारणं मोजता येतात: भारताची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय देशांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी, आणि अपराधास चिथावणी. 'लोकहित' या यादीत नाही. प्रवास, वास्तव्य आणि व्यवसाय यांच्या निर्बंधांत ते येतं, भाषणाच्या निर्बंधांत नाही. वादविवादाच्या तयारीत हा फरक फार कामाचा आहे. 'वाजवी' हा शब्द १९(२) मध्ये १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आला, आणि निर्बंध वाजवी आहे का हे न्यायालयाला तपासता येतं ते त्याच्याच बळावर. याच अनुच्छेदात (ङ) नंतर एकदम (छ) दिसतो. ती छपाईची चूक नाही. (च) म्हणजे मालमत्तेचं स्वातंत्र्य, ते १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने वगळलं.

अर्धवट वाचण्याचा धोका अनुच्छेद २२ मध्ये सर्वात स्पष्ट दिसतो. खंड (१) व (२) सांगतात की अटकेची कारणं कळवायची, वकिलाचा सल्ला घेऊ द्यायचा, २४ तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं. इथे पुस्तक मिटलं तर हक्क पूर्ण वाटतो. खंड (३) लगेच सांगतो की शत्रुदेशीय व्यक्तीला आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेत (गुन्हा घडण्याआधीच खबरदारी म्हणून) घेतलेल्याला हे दोन खंड लागू नाहीत.

क्रियापदाचं रूपही बारकाईने पाहावं. 'करील' आणि 'करू शकेल' यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पंचायतीची मुदत पाच वर्षं आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण करायची, हे बंधनकारक आहे. पण पंचायतींना अधिकार देण्याबद्दलच्या २४३छ मध्ये विधानमंडळ ते 'देऊ शकेल' असं आहे. वेगवेगळ्या राज्यांत ग्रामपंचायतींचे अधिकार कमीजास्त का, याचं उत्तर या एका क्रियापदात आहे.

इथे क्रमांकाचा एक घोळ सांगून ठेवतो. अधिकृत मराठी प्रतीत २१क, ५१क, २४३छ असं छापतात. वर्तमानपत्रं आणि अनेक मार्गदर्शक पुस्तकं तेच २१ए, ५१ए, २४३जी लिहितात. दोन्ही एकच.

एखादा विषय अनेक ठिकाणी कसा विखुरलेला असतो, ते शिक्षणाच्या धाग्यावरून कळतं. मूळ अनुच्छेद ४५ मध्ये, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत, संविधान सुरू झाल्यापासून १० वर्षांत १४ वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांना मोफत व सक्तीचं शिक्षण देण्यासाठी राज्याने प्रयत्न करावा, असं होतं. अनुच्छेद ३७ नुसार मार्गदर्शक तत्त्वांची अंमलबजावणी न्यायालयाकडून करून घेता येत नाही. १० वर्षं उलटून गेली. १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने शिक्षण हा विषय राज्य सूचीतून समवर्ती सूचीत (केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात अशा विषयांच्या सूचीत) गेला, म्हणून तो आता सातव्या अनुसूचीच्या तिसऱ्या सूचीत, २५व्या नोंदीत सापडतो. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाचा हक्क अनुच्छेद २१ मधूनच निघतो असं सांगितलं. मग २००२ ची ८६वी दुरुस्ती आली आणि तिने एकाच वेळी तीन ठिकाणी हात घातला: २१क हा नवा हक्क ६ ते १४ वयोगटासाठी, अनुच्छेद ४५ बदलून ६ वर्षांखालच्या मुलांसाठी, आणि ५१क मध्ये पालकांचं अकरावं कर्तव्य. प्रत्यक्ष अंमल १ एप्रिल २०१० पासून, कारण २१क मध्येच 'कायद्याद्वारे' ठरवायचं असं लिहिलं आहे आणि तो कायदा २००९ चा. फक्त २१क वाचणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

हे दिसण्यासाठी तळटिपा वाचाव्या लागतात. मजकुरात चौकटी कंस दिसला की तो भाग नंतर घातलेला किंवा बदललेला, फुल्या दिसल्या की काही वगळलेलं. कितव्या दुरुस्तीने, कधीपासून, हे पानाच्या तळाशी असतं. मी वहीत प्रत्येक अनुच्छेदासमोर चार रकाने केले: आज्ञा कोणाला, संरक्षण कोणाला, अपवाद कुठे, आणि आणखी कोणत्या अनुच्छेदाशी जोडलेला. चौथा रकाना सुरुवातीला रिकामा राहतो. दुसऱ्या वाचनात तोच सर्वात आधी भरतो.

संविधान सभेतली चर्चा सोबत वाचायची असेल तर क्रमांक जुळत नाहीत. सभा ३१५ अनुच्छेदांच्या मसुद्यावर बोलत होती. अंतिम प्रतीतला १७ तिथे ११ आहे, १९ तिथे १३, ३२ तिथे २५. अस्पृश्यतेवरची चर्चा हवी असेल तर २९ नोव्हेंबर १९४८ चा वृत्तांत काढावा, त्यात मसुद्यातला ११ शोधावा. ज्याला डॉ. आंबेडकरांनी संविधानाचा आत्मा म्हटलं तो घटनात्मक उपायांचा अनुच्छेद ९ डिसेंबर १९४८ च्या वृत्तांतात २५ या क्रमांकाने सापडतो.

इतक्या दुरुस्त्या होऊनही शेवटचा क्रमांक मात्र ३९५ च आहे, कारण नवे अनुच्छेद अक्षरं लावून मध्येच बसवले जातात. हा ३९५वा अनुच्छेद ब्रिटिश संसदेचे दोन कायदे रद्द करतो: १९३५ चा भारत सरकार कायदा आणि १९४७ चा भारतीय स्वातंत्र्य कायदा. वाचताना इथेही शेवटच्या शब्दापर्यंत जावं. यांपैकी १९३५ च्या कायद्यात सुधारणा करणारे किंवा त्याला पूरक असलेले कायदेही रद्द होतात, पण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलची, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाची, अधिकारिता संपवणारा १९४९ चा कायदा त्यातून वगळला आहे.