तुम्ही विचारलंत म्हणून: प्रवासात ती आकड्यांची कोडी कशाला?

"ते आकडे काय भरत बसता हो सारखे? बाहेर बघा, चार माणसांशी बोला." इंद्रायणी एक्स्प्रेसमध्ये शेजारी बसणाऱ्यांनी विचारलंय, ऑफिसात विचारलंय, घरच्या लग्नकार्यात तर नणंदेपासून मामेसासऱ्यांपर्यंत सगळ्यांचं विचारून झालंय आणि दर वेळी मी "असंच, टाईमपास" म्हणून विषय संपवते. टाईमपास नाहीये तो. एकदाचं नीट सांगते.

मी गणितात हुशार वगैरे नाही. सुडोकूत गणित लागतच नाही, एक ते नऊच्या जागी नऊ वेगळी अक्षरं लिहिली तरी कोडं तेच राहतं. काकुरोत बेरीज लागते, पण ती तिसरीतली. शब्दकोड्यासारखी चौकट, शब्दांच्या जागी बेरजा दिलेल्या, घरांत एक ते नऊच भरायचे आणि एका बेरजेत तोच आकडा परत वापरायचा नाही. आडव्या तीन घरांची बेरीज २३ असेल तर ६, ८, ९ सोडून दुसरं काही बसतच नाही. त्यातल्या पहिल्या घरातून खाली जाणाऱ्या दोन घरांची बेरीज १६, म्हणजे ७ आणि ९. दोन्हीकडे चालेल असा आकडा एकच, ९. मधल्या घरातून खाली दोन घरांची १७ असेल तर तिथे ८ किंवा ९, त्यातला ९ वापरून झाला, म्हणून ८, आणि उरलेल्या घरात ६ आपोआप. कुठेही अंदाजपंचे नाही. मुंबईहून येताना कर्जतला गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लागतात, पुढे घाटात बोगद्यामागून बोगदे, नेटवर्क गायब, सगळ्यांचे मोबाईल खिशात आणि माझं कागदावर चालूच. आणि बाहेर मी बघते हो, पावसात मंकी हिल आलं की कोण नाही बघणार!

सुडोकू जगभर पोचलं तेच मुळी एका प्रवाशामुळे. वेन गोल्ड म्हणून हाँगकाँगचे निवृत्त न्यायाधीश, त्यांना १९९७ मध्ये टोकियोत एका पुस्तकांच्या दुकानात ते दिसलं, मग त्यांनी काही वर्षं घालवून कोडी तयार करणारा प्रोग्राम लिहिला आणि २००४ मध्ये लंडनच्या 'द टाइम्स'ने ती छापायला सुरुवात केली. असो.

खरं दुखणं वेगळं आहे. लेकीला कॉलेजसाठी बंगलोरला सोडायला निघालो होतो, उद्यान एक्स्प्रेसने, दोघीच. दौंड गेलं. तिचे पाय माझ्या मांडीवर, पुस्तक तिच्या पायांवर टेकवलेलं, आणि ती मधूनच वाकून "आई, तिथे ४ नाही येणार, खाली बघ" असं सांगत होती. कुर्डुवाडीच्या आसपास समोरच्या काकू म्हणाल्या, "पोरगी एवढी लांब चाललीय आणि आई कोडी सोडवतेय, कमाल आहे!" वाईट बाई नव्हत्या, मघाशीच आम्हाला चिवडा दिला होता त्यांनी. पण मी पुस्तक मिटलं. लेकीने पाय खाली घेतले आणि खिडकीबाहेर बघत बसली, "माझी आई अशीच आहे" एवढं सुद्धा म्हणाली नाही.

मग सोलापूरपर्यंत मी बोलत होते. मेसचं जेवण, फीची पावती, कपाटाचं कुलूप, रात्री उशिरा बाहेर राहू नकोस, सगळ्या सूचनाच, कारण दुसरं काही बोलायला गेले असते तर मला रडू आलं असतं. थोड्या वेळाने तिने इअरफोन घातले. पुस्तक उघडं होतं तेव्हा आम्ही एकमेकींच्या जवळ होतो, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण मग ती गप्प का बसली? तिलाही काकूंसारखंच वाटत होतं का? मागच्या दिवाळीत विचारलं तर म्हणाली, "कुठल्या काकू?"

त्यानंतर बरीच वर्षं मी विचारणाऱ्यांना "मेंदूला व्यायाम होतो, म्हातारपणी विसरायला होत नाही" असं सांगायचे आणि लोकांना ते लगेच पटायचं. मला ते उत्तर आता नको वाटतं. कोडी सोडवून कोडी चांगली सुटायला लागतात, एवढंच मी छातीठोकपणे सांगू शकते. औषध म्हणून कुणी अप्पा बळवंत चौकात पुस्तकं शोधत फिरत नाही. मला आवडतं, बास. तेव्हाच्या मला हे म्हणायची लाज का वाटायची कोण जाणे, गाडीत पत्ते कुटणाऱ्यांना तर कुणी कारण विचारत नाही.

पळवाट आहे म्हणता? असेल थोडी. गाडी लोणावळ्याला अडकून पडली की कुणाच्याच हातात काही नसतं, तेव्हा उत्तर एकच असलेली आणि ते मलाच शोधता येईल अशी एक गोष्ट मला जवळ हवी असते. लेकीच्या बाबतीतही तसंच होतं का, ते अजून माझं मलाच ठरवता येत नाही.

शेजारी बसलात तर खुशाल बोला, मी बोलते. कोडं बघायचं असेल तर तेही दाखवते. फक्त पुस्तक मिटायला सांगू नका.