तुम्ही विचारलंत म्हणून : पाच साइट आणि एक क्रेन

"एकाच वेळी चार-पाच साइट कशा सांभाळता हो?" हा प्रश्न मला तीन प्रकारची माणसं विचारतात. नातेवाईक कौतुकानं विचारतात. नव्यानं लागलेली इंजिनियर मुलं वही उघडून विचारतात. आणि तिसरे ते मालक, ज्यांच्या साइटवर त्या आठवड्यात कुणीच फिरकलेलं नसतं. त्यांच्या प्रश्नात कौतुक नसतं. तिघांनाही माझं उत्तर एकच. आज कुणाला थांबवायचं ते मी ठरवते आणि त्यानं विचारायच्या आत त्याला सांगते. माझी नोकरी एवढीच. बाकीचं काम साइटवरची माणसं माझ्यापेक्षा चांगलं करतात.

आमचं काम लोखंडी शेडचं. गोदामं, पॅकिंग युनिट, गाड्यांची शोरूम, एखादं वर्कशॉप. गोव्यात वेर्णा, कुंडई, पिसुर्ले, कुंकळ्ळी आणि वर पेडण्यात तुये, असा पसारा. मी फोंड्यात राहते, त्यामुळे सगळीकडे जाणं सारखंच गैरसोयीचं. लोकांना वाटतं शेड साइटवर बांधतात. साइटवर ती नुसती जोडतात. खांब, राफ्टर म्हणजे छपराच्या तिरप्या तुळया, पर्लिन म्हणजे त्यांच्यावरच्या पत्रा धरणाऱ्या आडव्या पट्ट्या, सगळं कारखान्यातून कापून, वेल्डिंग होऊन, भोकं पडून, रंग लागून येतं. इथे बोल्ट घालून उभं करायचं. म्हणून रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, काल-परवापर्यंत इथे काहीच नव्हतं आणि अचानक शेड उगवली. त्या 'काहीच नव्हतं'च्या काळात ड्रॉइंग मंजूर होत असतं, कारखान्यात फॅब्रिकेशन चालू असतं, जमिनीत पाया भरला जात असतो. मेख इथेच आहे. पाच साइट पाच निरनिराळ्या टप्प्यांवर असतील तर एक माणूस पाचही चालवू शकतो. पाचही एकदम इरेक्शनला, म्हणजे सांगाडा उभा करायला, आल्या तर दोनसुद्धा झेपत नाहीत. त्यामुळे नवी ऑर्डर आली की आमचे सेल्सवाले टन मोजतात आणि मी विचारते, पाया कधी भरून होणार?

पाया बहुतेक वेळा मालकाचा सिव्हिल कंत्राटदार करतो. त्याची हद्द संपते आणि आमची सुरू होते ती काँक्रीटमधून वर डोकावणाऱ्या अँकर बोल्टांवर. खांबाच्या बेस प्लेटला, म्हणजे बुडाच्या पाटाला, भोकं कारखान्यात आधीच पडलेली असतात, त्यामुळे एका खांबाच्या बोल्टांमधलं अंतर तीन मिलिमीटरहून जास्त हललेलं चालत नाही. गवंड्याच्या भाषेत एक सूत. जांभ्यात खड्डा मारणारा जेसीबी, शटरिंगवाला सुतार, व्हायब्रेटर धरलेला पोरगा, यातल्या कुणालाच सुतात विचार करायची सवय नसते. बोल्टला व्हायब्रेटर टेकला की तो हललाच म्हणून समजा. म्हणून काँक्रीटच्या आदल्या दिवशी मी स्वतः जाते. टेप दोघांनी धरायची. आधी ओळीतली अंतरं, मग कर्ण. दोन्ही कर्ण जुळले नाहीत तर चौकोन वाकडा आहे, मग बाजू कितीही बरोबर असोत. बोल्ट जागेवर धरणारा लोखंडी टेम्प्लेट बोल्टांवर वरून-खालून नटांनी आवळलाय का, आट्यांना ग्रीस लावून वर प्लास्टिक गुंडाळलंय का, बोल्ट काँक्रीटच्या वर पुरेसा राहतोय का. याला तासाभराहून जास्त लागत नाही, पण फोटो मागवून हे काम होत नाही. फोटोत सगळे बोल्ट सरळच दिसतात! नंतर लक्षात आलं, तर बेस प्लेटची भोकं गॅसनं मोठी करायची हा साइटवरचा आवडता उपाय. डिझायनरला न विचारता तो केला, तर आख्ख्या शेडमध्ये त्याच्याइतकं वाईट काम दुसरं नाही.

आता क्रेन. ती भाड्याची, शिफ्टवर पैसे. वापरा नाहीतर उभी ठेवा, बिल तेवढंच. इरेक्शनची गँगही एकच, झारखंडची मुलं, वर्षानुवर्षं आमच्याबरोबर असलेली. म्हणजे क्रेन आणि गँग जिथे आहे तीच साइट त्या दिवशी खरी चालू, बाकीच्या वाट बघतायत. संध्याकाळी प्रत्येक सुपरवायझरला मी फोन करते. उद्या काय करणार, त्याला काय कमी पडतंय आणि ते कुणाकडे अडलंय, एवढंच विचारते. "काम चालू आहे मॅडम" हे उत्तर मी घेत नाही. काम सगळीकडे चालूच असतं.

क्रेन एका साइटवरून दुसरीकडे कधी हलवायची, हे तारखेवर ठरत नाही. पहिली बे, म्हणजे दोन फ्रेममधला गाळा, पूर्ण झाली का, यावर ठरतं. दोन खांब आणि वरचे राफ्टर मिळून एक फ्रेम. दोन फ्रेम उभ्या केल्या, त्यांच्यामध्ये पर्लिन टाकले, तिरप्या ब्रेसिंगचे रॉड आवळले, ओळंब्यात आणलं, की तेवढा सांगाडा स्वतःच्या बळावर उभा राहतो आणि पुढच्या फ्रेम त्याला धरून जातात. तोवर क्रेन हलत नाही, दुसऱ्या मालकाचा आवाज कितीही चढू दे. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात पणजीसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिलाय, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. डिझायनर त्या वाऱ्याला पुरून उरेल अशी शेड काढतो, पण पूर्ण झालेली शेड. नुसते खांब आणि दोरखंडांनी ओढून धरलेला राफ्टर पाडायला एवढा वारा लागत नाही. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून वर गेलं, झाडं आणि विजेचे खांब आडवे झाले. त्यानंतर गोव्यातल्या मालकांना हा नियम समजावताना मला घसा कोरडा करावा लागलेला नाही.

वर्षाचा आराखडा मी करत नाही, पाऊस करतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो येतो असं धरायचं आणि तिथून मागे मोजत यायचं. २०२५ला तो मे संपायच्या आतच आला, त्यामुळे आता मी पंधरा मे हीच शेवटची तारीख सांगते. ज्या शेडवर तोवर पत्रा चढला तिचं आतलं काम पावसात चालतं: कोबा, पोटमाळा, विजेची कामं. जिच्यावर चढला नाही ती चार महिने भिजत उभी. घरोघर मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतात तशी मीही भरते, फक्त सुक्या मासळीऐवजी स्क्रू, सिलंट आणि गटारीचे तुकडे. कारण पाऊस लागल्यावर बेळगावकडून माल उतरणं हा जुगार असतो. २०२५च्या जुलैत अनमोड घाटात रस्त्याचा भाग खचला आणि अवजड वाहनं बंद झाली. मग चतुर्थी येते. तेव्हा गोव्यात कुणाकडून काही होईल ही अपेक्षाच ठेवू नये. मीसुद्धा त्या दिवसांत गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली बसलेली असते.

पत्र्यांचा मुद्दा वेगळा सांगते, कारण नवी मुलं तिथे हमखास चुकतात. त्यांना माल लवकर मागवून ठेवला की हुशारी वाटते. गॅल्व्हल्यूमच्या, म्हणजे अॅल्युमिनियम-जस्ताचा मुलामा दिलेल्या, पत्र्याचा गठ्ठा उघड्यावर सपाट ठेवला आणि एक वळवाचा पाऊस पडला की पाणी दोन पत्र्यांच्या मध्ये शिरतं. तिथे हवा लागत नाही, ते सुकत नाही, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी गठ्ठा सोडला की नव्या कोऱ्या पत्र्यावर पांढरे-काळे डाग. खुल्या छपरावर पडणाऱ्या पावसाचं त्या पत्र्याला काही वाटत नाही. गठ्ठ्यात अडकलेल्या पाण्यानं तो वाया जातो. म्हणून गठ्ठा जमिनीवर नको, ओंडक्यांवर हवा, एका बाजूला उतार देऊन, वर ताडपत्री पण कडांनी हवा खेळेल अशी. त्याहून बरं म्हणजे चढवायची गँग मोकळी होईपर्यंत पत्रा मागवायचाच नाही.

आणि चढवायचा तो सकाळी. एप्रिल-मेमध्ये दुपार झाली की समुद्राचं वारं सुटतं. वेर्ण्याच्या पठारावर अडवायला काहीच नाही. लांब पत्रा चौघांनी धरून वर घेतला आणि खालून वारा भरला तर पत्रा माणसांना घेऊन जातो. शीटिंगचा मिस्त्री हात वर करून म्हणतो, "मॅडम, हवा लग रही है." त्यानंतर मी कधीही, "एवढे दोन पत्रे लावून टाका," म्हणत नाही. त्या गँगला दुपारी खाली फ्लॅशिंग, म्हणजे सांधे झाकणाऱ्या पट्ट्या, आणि गटारीचं काम देते. हार्नेस आणि लाइफलाइन तर हवीच. त्याखेरीज पारदर्शक पत्र्यावर पाय नाही. उजेडासाठी घातलेले ते पत्रे वरून छपरासारखेच दिसतात आणि माणसाचं वजन पेलत नाहीत. या बाबतींत कुठल्याही साइटची घाई मी ऐकून घेत नाही, आमच्या साहेबांचीसुद्धा नाही.

मग थांबवायचं कुणाला? जो जास्त फोन करतो त्याचं आधी, ही सगळीकडची रीत. दुसरी रीत, ज्याचं बिल लवकर सुटतं त्याचं आधी. हिशेबखात्याला ती फार आवडते. मी एवढंच बघते की थांबल्यानं कुणाचं खरंच काय अडतं. एका मालकाची यंत्रं बंदरावर येऊन पडलीत, रोजचं भाडं चढतंय. दुसऱ्याला पाडव्याला उद्घाटन करायचंय. पाडव्याचा फोन दिवसातून तीनदा येतो, यंत्रवाला बिचारा आठवड्यातून एकदा. क्रेन यंत्रवाल्याकडे जाते. पाडव्यावाल्यांना मी त्याच संध्याकाळी फोन लावते.

"बाय, फाल्यां क्रेन येतली मगो?"

"नाही येत, काका. सोमवारी येईल. आणि सोमवारी यायची तर तुमचा पश्चिमेकडचा रस्ता भरून पाहिजे, ट्रेलर रुतला तर मंगळवारही गेला."

काका चिडतात. पण ते चिडले तरी सोमवारपर्यंत रस्ता भरून घेतात, कारण चार दिवस हातात असतात. हेच त्यांना क्रेन येणार त्या दिवशी सकाळी कळलं असतं, तर रस्ताही झाला नसता आणि पुढचं बिलही अडकलं असतं. "उद्या नक्की" हे शब्द आमच्या धंद्यात सर्रास वापरतात. मी ते सुपरवायझरांना वापरू देत नाही. येत नसेल तर येत नाही म्हणायचं आणि कधी येईल ते सांगायचं.

गँगचं गणित त्याहून अवघड. होळीला आणि छठला मुलं गावी जाणार. अडवायचं नाही, अडवलं की परत येत नाहीत. तिकिटं काढायच्या आधी मिस्त्री मला तारखा सांगतो, मी त्या तारखांवर रेघ मारते आणि त्या आठवड्यात कारखान्यातून माल पाठवायला सांगत नाही. गाडी आली आणि उतरवायला माणूस नाही, यासारखा पैशाचा नाश दुसरा नाही.

इंजिनियर मुलं शेवटी विचारतात, सॉफ्टवेअर कुठलं वापरता? कंपनीनं दिलंय एक, त्यात रंगीत पट्ट्या असतात, मीटिंगला बऱ्या दिसतात. माझ्या फोनमध्ये एक साधी यादी आहे: साइट, पुढचं काम, कशासाठी अडलंय, कुणाकडे, कधीपासून. शेवटच्या रकान्यात ज्याची तारीख सगळ्यात जुनी त्याला आधी फोन. आज तिथे कुंडईचं नाव आहे. गटारीचे कोपऱ्याचे तुकडे कारखान्यातून अजून निघालेले नाहीत आणि शीटिंगची गँग उद्या तुयेला जातेय. कुंडईच्या मालकांना अजून सांगायचंय. साडेसातला ते देवळात जातात, त्याआधी फोन करायला हवा.