सिस्टर, तुमच्या हातून कधी चूक झालीय का?

हा प्रश्न मला लग्नाकार्यात विचारतात, एसटीत शेजारी बसलेली बाई विचारते, भाचीच्या मैत्रिणी विचारतात. आणि हो म्हटलं की लगेच दुसरा प्रश्न, मग तुम्ही सांगितलंत का कुणाला? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं एका वाक्यात देता येत नाही, म्हणून तुम्ही विचारलंत तर आज बसून लिहितेच.

जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा होऊन मला तिसरं वर्ष होतं. जिल्ह्याच्या गावातलं खाजगी हॉस्पिटल, मेल मेडिकल वॉर्ड, नाईट. ३२ पेशंट, आणि मी, एक स्टुडंट, एक मावशी. (इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या हिशोबानं साध्या हॉस्पिटलच्या वॉर्डात ५ पेशंटमागे एक नर्स पाहिजे. मी १९ वर्षांत असा वॉर्ड बघितलेला नाही.) एक काका होते, साठीच्या पुढचे, पायाची जखम चिघळली म्हणून ॲडमिट, शुगर जुनी. रात्रीचं इन्सुलिन त्यांचं स्वतःचंच होतं, काकूंनी थर्मासमध्ये बर्फ घालून घरून आणलेलं. टोचायचं पेन मात्र घरी राहिलं होतं, नुसतंच कार्ट्रिज, म्हणजे पेनात बसणारी औषधाची नळी, आलेलं. केसपेपरवर ऑर्डर होती १६ युनिट, रात्री १० वाजता. मी वॉर्डातली रोजची लाल टोपीची सिरिंज घेतली, कार्ट्रिजमधून १६ च्या रेघेपर्यंत औषध ओढलं, दिलं, चार्टवर सही केली आणि पुढच्या बेडला गेले.

आता यात चूक कुठं झाली ते सांगते, कारण घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनापण हे माहीत पाहिजे. आपल्याकडं इन्सुलिन दोन ताकदीत येतं, १ मिलीत ४० युनिटचं आणि १ मिलीत १०० युनिटचं. वॉर्डातल्या बाटल्या ४० च्या होत्या, पेनचं कार्ट्रिज १०० चं असतं. सिरिंजपण दोन प्रकारच्या, ४० वालीला लाल टोपी, १०० वालीला केशरी. लाल टोपीवर १६ ची रेघ म्हणजे ०.४ मिली, आणि १०० च्या कार्ट्रिजमधलं ०.४ मिली म्हणजे ४० युनिट. म्हणजे काकांना १६ च्या जागी ४० गेलं, अडीच पट, आणि माझ्या चार्टवर मात्र स्वच्छ अक्षरात १६ लिहिलेलं.

पहाटे सव्वाचारला स्टुडंट पळत आली, सिस्टर काका काहीतरीच बोलतायत. जाऊन बघते तर अंग घामानं भिजलेलं, शर्ट पिळून काढावा असं, ग्लुकोमीटरवर शुगर ४१, म्हणजे फारच खाली. हात आपोआप चालले, २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी शिरेतून दिलं, दहा मिनिटांत काका ओळखायला लागले, काकूंनी माझे दोन्ही हात धरले. मला वाटलं नीट जेवले नसतील. साडेसहाला परत शुगर बघितली तर पुन्हा खाली, ५८. तेव्हा पोटात गोळा आला. फ्रिज उघडून कार्ट्रिज हातात घेतलं, बारीक अक्षरातलं १०० आययू वाचलं आणि तिथंच फ्रिजला टेकून उभी राहिले.

मी आरएमओ सरांना, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांगितलं. लगेच सांगितलं, सगळं सांगितलं, कारण ते इन्सुलिन २४ तास काम करणारं होतं आणि मी गप्प बसले असते तर दुपारी काकांची शुगर परत खाली गेली असती. सर चांगले होते, ओरडले नाहीत. १० टक्के डेक्स्ट्रोजची ड्रिप, दर तासाला शुगर, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालू ठेवा अशी ऑर्डर लिहिली. आणि का ते लिहिलं नाही. मला म्हणाले, सिस्टर, "हायपोग्लायसेमिया (शुगर कमी झाली), ट्रीटमेंट दिली" एवढंच लिहा. मग इनचार्ज मॅडम आल्या, त्यांनापण मी सांगितलं, त्यांनी मला बाजूला घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, अगं पेशंट ठीक आहे ना, मग आपल्या हातानं आपला मेमो कशाला लिहून देतेस, तू अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर आहेस, पर्मनंट नाहीस. त्या माझं वाईट बघणाऱ्या नव्हत्या, त्यांनी मला वाचवलं होतं, निदान तेव्हा मला तसंच वाटलं.

तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. सांगितलं, पण लिहिलं नाही. नर्सेस लपवतात असं बाहेर सगळ्यांना वाटतं, ते तसं नाहीये, आम्ही एकमेकींना सगळं सांगतो. ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या ड्युटीवालीला वॉर्ड सोपवताना सांगतो, चहाच्या वेळी सांगतो, चेंजिंग रूममध्ये रडत सांगतो. बघून दे गं बाई, त्या कपाटातले दोन ॲम्प्युल (इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या) सेम दिसतात. तोंडी सगळं फिरतं, फक्त कागदावर येत नाही, आणि कागदावर आलं नाही की पर्चेसवाल्यांना कळत नाही, स्टोअरला कळत नाही, शेजारच्या वॉर्डला कळत नाही, आणि मी सोडून गेले की माझ्या जागी येणाऱ्या मुलीला तर काहीच कळत नाही.

हे मला वर्षभरानं उमगलं. तीन वॉर्डच्या आम्ही चौघी कॅन्टीनला बसलो होतो, मी धीर करून काकांची गोष्ट काढली. तर सर्जिकलची म्हणाली माझंपण झालंय, उलटं, ४० ची बाटली आणि केशरी सिरिंज, पेशंटला निम्म्यापेक्षा कमी डोस जात होता आणि तीन दिवस शुगर का उतरत नाही म्हणून सगळे डोस वाढवत बसले. आयसीयूची म्हणाली म्हणून तर मी केशरी सिरिंजा वेगळ्या डब्यात ठेवते, त्यावर पट्टी चिकटवलीय. चौथीनं तर ॲप्रनच्या खिशातून एक चिठ्ठी काढून दाखवली, तिचं तिनं कोष्टक करून ठेवलेलं. म्हणजे एकाच इमारतीत चौघींना तीच चूक माहीत होती, प्रत्येकीनं गुपचूप आपापला उपाय शोधलेला होता, आणि हॉस्पिटलच्या दप्तरात या विषयावर एक ओळसुद्धा नव्हती. मी रात्री घरी जाऊन जेवले नाही.

लिहायची भीती का वाटते हे विचारायची गरजच नको खरं तर. काही झालं की पहिला प्रश्न असतो, ड्युटीवर कोण होतं? काय झालं, कसं झालं हे नंतर, कधीकधी नाहीच. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून १० बाळं गेली, पुढं दोन नर्सवर गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या सिव्हिलला आयसीयूत आग लागली, एका डॉक्टरबरोबर तीन नर्सना अटक झाली. त्या बाळांच्या आयांसाठी आजही माझा जीव तुटतो, चौकशी व्हायलाच पाहिजे, पण वायरिंग, फायर ऑडिट, रात्रीचा स्टाफ हे काही नर्सच्या हातात नसतं. हे बघितल्यावर २४ वर्षांची मुलगी आपण होऊन कागदावर लिहून देईल का की माझ्याकडून असं असं झालं?

कायद्याचंही सांगते, कारण आमच्यातल्याच कितीतरी जणींना माहीत नाही. जुन्या आयपीसीत, म्हणजे भारतीय दंड संहितेत, कलम ३०४ अ होतं, निष्काळजीपणानं मृत्यू, जास्तीत जास्त २ वर्षं, सगळ्यांना सारखं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात कलम १०६, शिक्षा ५ वर्षांपर्यंत. डॉक्टरांसाठी मात्र उपचार करताना झालं असेल तर २ वर्षांपर्यंतच ठेवली. ती सवलत कुणाला, तर ज्याचं नाव मेडिकल रजिस्टरमध्ये आहे त्याला. आमचं नाव नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये असतं. म्हणजे एकाच बेडपाशी, एकाच ऑर्डरवर दोघं उभे, लिहिणाऱ्याला जास्तीत जास्त दोन वर्षं आणि देणारीला पाच. डॉक्टरांना जास्त शिक्षा करा असं माझं म्हणणं अजिबात नाही, पण हे वाचलं तेव्हा मला खूप एकटं वाटलं.

अमेरिकेतल्या नॅशविलच्या नर्सची बातमी आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी फॉरवर्ड केली होती. डिसेंबर २०१७ मध्ये तिनं व्हर्सेडच्या, म्हणजे आपल्या मिडाझोलॅम या गुंगीच्या औषधाच्या जागी चुकून व्हेक्युरोनियम दिलं, श्वासाचे स्नायूसुद्धा लुळे पडतात त्यानं, पेशंट गेली. तिनं स्वतः कबूल केलं होतं. लायसन्स गेलं, मार्च २०२२ मध्ये कोर्टानं दोषी ठरवलं, मे मध्ये तीन वर्षं प्रोबेशनची, म्हणजे तुरुंगाबाहेर देखरेखीखाली राहायची शिक्षा झाली. ग्रुपवर खाली एकीनं लिहिलं, बघा, खरं बोलली ना. त्यावर कुणाचाच रिप्लाय आला नाही.

नंतर मी मोठ्या शहरात, एनएबीएच, म्हणजे दर्जाचं सर्टिफिकेट असलेल्या हॉस्पिटलमध्ये गेले. तिथं इन्सिडेंट फॉर्म, म्हणजे काही चुकलं तर भरायचा कागद असतो, असायलाच लागतो. मला वाटलं आता सुटलो. फॉर्म इंग्रजीत, तीन पानी, पहिल्याच रकान्यात स्टाफचं नाव आणि एम्प्लॉयी नंबर. नाईट संपवून साडेआठला जेव्हा डोळे मिटत असतात, तेव्हा मराठी माध्यमातून आलेल्या मुलीनं तीन पानं इंग्रजी लिहायचं आणि कारणाच्या रकान्यात शेवटी क्वालिटीवाले लिहिणार "स्टाफ निग्लिजन्स", उपाय "काउन्सेलिंग". तरी फॉर्म यायचे. पेशंट पडला तर यायचा, कारण सगळ्यांनी बघितलेलं असतं. बेडसोर (पडून राहून झालेली जखम) असला तर यायचा, कारण आमच्याकडं येतानाच होता हे दाखवायचं असतं. औषधाची रिॲक्शन आली तर त्याचाही यायचा, दोष औषधाचा असतो ना. (नर्सला स्वतःलासुद्धा रिॲक्शन कळवता येते बरं का, औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅमचा टोल फ्री नंबर आहे १८००-१८०-३०२४.) पण चुकता चुकता वाचलो, हात पुढं गेला होता आणि शेवटच्या क्षणी लेबल वाचलं, असा फॉर्म मी तिथल्या चार वर्षांत दोनच बघितले. आणि महिन्याच्या मीटिंगमध्ये ज्या वॉर्डचे शून्य फॉर्म त्या वॉर्डसाठी टाळ्या.

डॉक्टरची चूक असेल तर अजून अवघड. एकदा एका लहान बाळाच्या ऑर्डरमध्ये दशांशाचं टिंब राहिलं होतं, दहापट डोस. मी औषध दिलं नाही, रात्री दोनला फोन केला. पलीकडून आवाज आला, सिस्टर, तुम्ही मला शिकवणार का? मग पाच सेकंद शांतता, मग, थांबा, टिंब घाला. सकाळी येऊन त्यांनी स्वतः टिंब घातलं, ऑर्डर पहिल्यापासून बरोबरच होती असं झालं. ते बाळ सुखरूप घरी गेलं याचा मला आजही आनंद आहे. पण त्या टिंबाची गोष्ट कुठंच नोंदलेली नाही, पुढच्या बाळाच्या वेळी दुसरीच कुणी दमलेली मुलगी असेल.

आम्ही स्वतःला सुई टोचली तरी सांगत नाही, एवढी ही सवय मुरलेली आहे. एचआयव्हीची औषधं दोन तासांत सुरू केलेली बरी, ७२ तासांनंतर उपयोग नाही, हे आम्हीच स्टुडंटना शिकवतो. तरी मुली हात धुतात आणि गप्प बसतात, कारण "नीट का धरली नाहीस" हे ऐकायचं नसतं.

काकूंना मी कधीच सांगितलं नाही. डिस्चार्जच्या दिवशी त्यांनी मला डब्यातून बेसनाचे लाडू आणले होते, तुझ्यामुळं हे वाचले म्हणाल्या. मी लाडू घेतले. आज असं झालं असतं तर सांगितलं असतं का? सांगितलं असतं असं म्हणावंसं वाटतं, पण तेव्हाच्या माझ्याजागी बसून बघितलं की छातीठोकपणे म्हणता येत नाही.

आता मी स्वतः इनचार्ज आहे. ड्रॉवरमध्ये एक साधी दोनशे पानी वही ठेवलीय. मराठीत लिहायचं, नाव लिहायचं नाही, तारीखसुद्धा नको, फक्त काय झालं आणि कशामुळं झालं असावं. पहिले दोन महिने कोरी होती. मग मीच पहिल्या पानावर इन्सुलिनची गोष्ट लिहिली, माझ्या नावासकट, आणि ओव्हरच्या वेळी सगळ्यांसमोर वाचून दाखवली. नंतर पानं भरायला लागली. पोटॅशियम क्लोराईडचे ॲम्प्युल डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारच्या कप्प्यात ठेवलेले, दोन्ही सारख्याच प्लास्टिकचे, हे त्या वहीतूनच कळलं. ते पातळ न करता सरळ शिरेत गेलं तर हृदय थांबतं. त्याच दिवशी ते कुलपाच्या कपाटात गेले, कुणी लिहिलं ते मी विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात नवीन लागलेल्या एका मुलीनं लिहिलंय. एकाच आडनावाचे दोन पेशंट, शेजारशेजारचे बेड, एकाचं अँटिबायोटिक दुसऱ्याला लावलं, दोन मिनिटांत लक्षात आलं, बंद केलं, डॉक्टरांना सांगितलं, पेशंटला काही झालं नाही. छान सविस्तर लिहिलंय. खाली तिनं पूर्ण नाव घातलंय, सहीपण केलीय. उद्या ही वही कुणी मागितली तर ते नाव तिला नडेल. खोडलं तर तिला वाटेल लिहून चूक केली. तेवढं पान उघडं ठेवून मी दोन दिवस विचार करतेय. बेड मात्र बदलले, ते दोघं आता खोलीच्या दोन टोकांना आहेत.